चौथा तंतू

१९ जानेवारी २०२५, रविवार. कुरुंदा

आज ती फोनवर हसली.

ही डायरी खताच्या कंपनीची. दरवर्षी येते आणि आमची पोरगी सृष्टी तिच्यात मोर काढते. यंदा मी ती कपाटावर ठेवून घेतली. कुणाला सांगता येत नाही असं काहीतरी पोटात साठलंय, ते कुठंतरी ओतलं पाहिजे.

प्रियदर्शनी माझी बायको. वसमतला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. मी भागवत, बी.कॉम. झालेला, हळद शिजवायचा कुकर आणि पॉलिशचं ड्रम घेऊन सीझनभर गावोगाव फिरतो. गेल्या वर्षी तिनं पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी.ला नाव घातलं. विषय आकाशातला. मीच हो म्हणालो. मला वाटलं परीक्षेसारखं असेल, पुस्तकं आणील, वाचील, कधीतरी पेपर देईल. पीएच.डी.त सोमेश्वर असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सोमेश्वर नांदेडला एमएस्सीला तिच्या वर्गात होता. गाव शिरड शहापूर, म्हणजे आमच्यापासून जवळच. आता तो त्या पुण्याच्या संस्थेत संशोधक आहे आणि दोघांचं काम एकच आहे. दर रविवारी सकाळी दोघं लॅपटॉपवर बोलतात. ती आतल्या खोलीत हेडफोन लावून बसते, त्यामुळं मला तिची एकटीचीच बाजू ऐकू येते. आज मी ओसरीत ड्रमचा पट्टा ताणत होतो. जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो.

"व्हय, जवळ जाईल तसा वेग वाढत चाललाय."

जरा वेळानं, "बाहेरून काही दिसत न्हाई रे. पण आतून समदं तिकडंच ओढलं जाऊन राहिलं."

मग हसली. असं हसणं मी सृष्टीच्या बारशानंतर ऐकलेलं नाही.

आणि त्याला 'तू' म्हणते. मला 'तुमी'. सगळ्यांच्याच बायका नवऱ्याला तुमी म्हणतात, हे मला कळतं. तरी पाना निसटला आणि अंगठ्यावर बसला. नख काळं पडणार.

२२ जानेवारी

आज मी सरळ विचारायचं ठरवलं, पण तोंडातून वाकडंच निघालं. "एवढं काय ओढलं जाऊन राहिलं तिकडं?" असं म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, पकडली गेली म्हणून गडबडली. तिनं कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि पेन्सिल घेऊन काढायला लागली. मधे एक गाठ आणि चहूबाजूंनी येणाऱ्या लांब लांब रेषा. "हे ढग आहेत," म्हणाली. "आपले पावसाचे न्हाईत. ताऱ्यांच्या मधल्या जागेतले, वायूचे. लई थंड. असे तंतूसारखे लांब पसरलेले असतात. जिथं तीन-चार तंतू मिळतात, तिथं..."

"बरं बरं," मी म्हणालो. "म्हशीला पाणी दाखवायचंय."

आलो तेव्हा पान घडी घालून चुलीजवळच्या फडताळात ठेवलेलं होतं. रात्री जेवताना आईशीच बोलत होती.

२ फेब्रुवारी, रविवार

एक काम केलं. चांगलं केलं नाही. तिचे हेडफोन उचलून हळदीच्या रिकाम्या पोत्यात घातले आणि पोतं माळवदावर टाकलं.

तिनं घरभर शोधले. सृष्टीला विनाकारण बोलणी बसली, तेव्हा मला वाईट वाटलं. पण मी पोतं काढलं नाही. शेवटी ती स्पीकरवर बोलली. आणखी एक म्हणजे तिनं टेबल आतल्या खोलीतून उचलून बैठकीत आणलं. "इथं उजेड बरा येतो," म्हणाली, "अन् तुमी बी असता."

लपवण्यासारखं काही नाही असं दाखवायचं असेल, तर माणूस असंच करतो.

९ फेब्रुवारी, रविवार

आता दाराआड उभं राहिलं की दोघांच्याही बाजू ऐकू येतात. सोमेश्वरचा आवाज मऊ आहे. पुण्यात राहून बोलणं धुतलेल्या कपड्यासारखं झालंय. 'आहे', 'नाही', 'का' असं स्वच्छ बोलतो. प्रियदर्शनी मात्र त्याच्याशीही आपल्यासारखीच बोलते. हे मला आवडलं, आणि आवडलं नाहीसुद्धा.

समजलं ते एवढं. परदेशात वाळवंटात मोठमोठ्या तबकड्यांची दुर्बीण आहे. तिनं टिपलेली माहिती काही काळानं कुणालाही घेता येते. त्यातला एक ढग या दोघांनी घेतलाय. त्या ढगाच्या मधल्या गाठीत मोठा तारा तयार होतोय, सूर्याच्या कितीतरी पट मोठा. एवढा माल त्याला मिळतो कुठून, हा प्रश्न. सोमेश्वर म्हणतो चार तंतूंमधून वायू वाहत येतो आणि तारा त्यावर वाढतो. चारी तंतूंतून किती येतो, त्याचा हिशोब त्यानं मांडलाय.

म्हणजे ओढलं जाणारं ते हे होतं. निदान त्या दिवशी तरी.

माझं समाधान झालं नाही. बोलणं ढगाचं असलं तरी हसणं कशाचं होतं?

१८ फेब्रुवारी. शिरड शहापूर

इथं चार दिवस कुकर लागलाय. सोमेश्वरचंच गाव. त्याचं घर कुठलं ते विचारून घेतलं. पत्र्याचं, पुढं लिंब. माझ्या घरापेक्षा काही विशेष नाही.

कुकरला वाफ धरेपर्यंत तासभर काम नसतं, तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ बघतो. तारे कसे जन्मतात, वायूचा वेग कसा मोजतात. हिंदीत बरेच आहेत. वायूतून येणाऱ्या लहरी ताणल्या गेल्या तर तो आपल्यापासून लांब चाललाय, दबल्या तर आपल्याकडं येतोय. लांब जाणारा लाल दाखवतात, येणारा निळा. प्रियदर्शनीच्या पडद्यावर ते लाल-निळं का असतं, ते मला आज कळलं.

नासेर माझा जोडीदार, कुकरची भट्टी तोच सांभाळतो. डोकावून म्हणाला, "भाऊ, हे काय बघून राहिले? वहिनी लायगोमधी लागल्या का?"

औंढ्याकडं लायगो नावाच्या मोठ्या वेधशाळेचं काम निघाल्यापासून आकाशाचं काही दिसलं की सगळे हेच विचारतात. म्हटलं, "न्हाई. तिचं येगळं हाय. ती काय करते ते बघून राहिलो."

"मग वहिनीलाच इचारा ना. घर की घर में."

"तुला न्हाई समजायचं."

"बराबर," नासेर म्हणाला आणि भट्टीत लाकूड सारलं. त्याची मलिका शिवणकाम करते. ती नवीन ब्लाऊज शिवते तेव्हासुद्धा हा गळा बघून मत देतो. त्याला खरंच समजायचं नाही.

२७ फेब्रुवारी

काल शिवरात्र. औंढ्याला जाऊन आलो. आज आई गोधडीला टाके घालत बसली होती आणि प्रियदर्शनी सुई ओवून देत होती. मी न्हाणीत होतो, म्हणून त्यांना वाटलं मी घरात नाही.

आई म्हणाली, "बाई, तू रोज त्या डब्ब्यात काय बघतीस ते मला तरी सांग."

तिनं सांगितलं. काहीही न गाळता, हळूहळू. आईनं मधेच विचारलं, "मग एवढा थोरला तारा एकदम कसा हुतो?"

"एकदम न्हाई होत, आत्या. आधी लहानाच असतो. जन्मला की खायला लागतो. चहूकडून येणारं खात खात थोरला होतो. मग त्याचाच उजेड इतका वाढतो की येणाऱ्याला मागं ढकलायला लागतो. तरी बी येणारं येतच राहतं, म्हणून तो वाढतो. येणं थांबलं की वाढणं थांबलं."

"आन् येनारं किती येतं?"

"एका सूर्याएवढं यायला हजारो वर्षं लागतात."

आईनं एक टाका ओढला आणि म्हणाली, "लई सबुरीचं काम हाय की." दोघी हसल्या.

माझं न्हाणीत अंग पुसून केव्हाच झालं होतं, तरी उभाच राहिलो. आईचा हेवा करायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

संध्याकाळी हट्ट्याच्या कामावरून आलो. ती टेबलाशी बसलेली. लाईट लावायचंसुद्धा भान नव्हतं. मला बघून म्हणाली, "अहो, इकडं या. हे बघा."

पडद्यावर एक रेघ होती, म्हशीच्या पाठीसारखी, आणि तिच्यावर दोन उंचवटे. तिनं माझ्यासाठी खुर्ची सरकवली.

मी म्हणालो, "कुकरची तोटी गळून राहिली. वेल्डिंगवाला जाईल."

आणि गेलो. तोटी गळत होती हे खरं आहे. सोमवारीही चाललं असतं, हेही खरं आहे. मला वाटलं, आता मला दाखवते, उद्या त्याला दाखवील तेव्हा खरी खुलेल. उष्टं कशाला खाऊ?

१६ मार्च, रविवार

ते भांडले. मी इतका खूश झालो की दाढी करताना गुणगुणलो.

ती म्हणत होती, चौथा तंतू गाठीला मिळतच नाही. तो वेगळाच ढग आहे आणि आपल्या बाजूला, पुढं आहे. आपण इथून सरळ रेषेत बघतो म्हणून तो गाठीला चिकटल्यासारखा दिसतो. "आमच्या गल्लीतून बघितलं तर विजेची तार देवळाच्या कळसाला टेकलेली दिसते," ती म्हणाली. "टेकलेली थोडीच असते?"

सोमेश्वर म्हणाला, "पण वेग वाढत जातोय ना गाठीकडं? वायू आत पडतोय म्हणूनच तो वाढतो."

"तू सगळ्याची सरासरी काढलीस म्हणून तसं दिसतं. सरासरी काढू नको. एकेका ठिकाणी बघ. दोन शिखरं आहेत, म्हणजे दोन वेग. एक गाठीचा, एक त्या पुढच्या ढगाचा. गाठीकडं जावं तसा एक वाढतो, दुसरा कमी होतो. सरासरी सरकत जाते अन् आपल्याला वाटतं वायू वाहतोय. तिथं काहीच वाहत न्हाई."

"नॉइज असेल प्रियदर्शनी. तिथं सिग्नल कमजोर आहे. दोन वर्षं मी तो डेटा बघतोय."

"मी बी बघितला. तीन वेळा."

"तू घाई करतेस."

तिनं लॅपटॉप मिटला.

दिवसभर जेवली नाही. सृष्टीचा अभ्यास घेतला, माझा शर्ट इस्त्री केला, पण जेवली नाही. मला दोन शिखरं समजली होती. सकाळपासून डोक्यात तीच होती. 'तुझं बरोबर वाटतं' एवढं म्हणता आलं असतं. पण मग दाराआडून ऐकत होता का, असं ती विचारेल. आणि भांडण मिटलं तर माझा काय फायदा?

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा, आज ईद. सकाळी नासेरकडं शीरखुर्मा खाऊन आलो. महिनाभर रोजे धरून बिचाऱ्यानं भट्टी सांभाळली.

पण लिहायचं ते कालचं आहे. काल सोमेश्वर आमच्या घरी आला. सणाला गावी चालला होता, वाटेत उतरला. मी मनात ज्याला रोज बघायचो तो उंच आणि गोरा होता. आलेला माणूस माझ्याएवढाच, पुढचे केस गेलेले, चालून आल्यासारखा दमलेला. आल्या आल्या आईच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "कसे आहात दाजी?"

दाजी म्हटलं की झालं का? तोंडानं बहीण मानायला काय लागतं?

पुरणपोळी खाताना त्यानं विषय काढला. "दाजी, हिला मे-जूनमध्ये पुण्याला पाठवा. आमचे गाईड सर स्वतः म्हणाले. तिथं बसून काम केलं तर सहा महिन्यांचं दोन महिन्यांत होईल. इथं नेट नाही, कुणाशी बोलायला नाही."

"घरात माणसं हायत बोलायला," मी म्हणालो.

प्रियदर्शनी तूप वाढत होती. तिचा हात थांबला. त्यानं चौथ्या तंतूचं नाव काढलं नाही, तिनंही काढलं नाही. फक्त एकदा, ती पाणी आणायला आत गेली तेव्हा, त्यानं टेबलावरच्या तिच्या कागदांकडं पाहिलं. मला ती नजर ओळखू आली. कुठून ओळखीची, ते कळलं नाही.

तो गेल्यावर ती म्हणाली, "जाऊ का पुण्याला?"

"हळदीचा सीझन हाय."

"मे महिन्यात कुठली हळद?"

"सृष्टी?"

"आत्या हायत. तुमी हाव."

"काहून जायचं तुला एवढं? इथं काय कमी हाय?"

"इथं," ती म्हणाली, आणि वाक्य तिथंच ठेवून भांडी घासायला गेली.

२० एप्रिल, रविवार. हट्टा

हात अजून पिवळे आहेत, पानावर डाग पडतील.

सोमेश्वरचं आज कुठल्याशा परिषदेत भाषण होतं आणि ते मोबाईलवर थेट दिसणार होतं. दोघं मागं बोलत असताना ऐकलं होतं. ती आज घरी नाही, कॉलेजच्या परीक्षेच्या कामाला वसमतला गेलीय. मी ड्रम बंद करायला लावून शेडच्या मागं बसून पाहिलं. इंग्रजी माझं जेमतेम, पण चित्र ओळखीचं होतं. तोच ढग, तीच गाठ. मग ती म्हशीच्या पाठीसारखी रेघ आली. दोन उंचवटे.

सोमेश्वर म्हणाला, "आय बिकेम सस्पिशस." एवढं इंग्रजी मला येतं. मला संशय आला, असं. मग म्हणाला की मी सरासरी काढायचं सोडलं आणि एकेका ठिकाणी पाहिलं, तेव्हा चौथा तंतू वेगळा ढग निघाला. गाठीला तीनच तंतू पोसतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आभाराची नावं होती. सातवं-आठवं नाव प्रियदर्शनीचं.

पहिल्यांदा मला आनंद झाला. डायरीत खोटं लिहून उपयोग नाही. वाटलं, सुटली. आता ती त्याचं तोंड बघणार नाही.

मग हळूहळू दुसरंच वर आलं. ते तिनं शोधलं होतं. आमच्या बैठकीत, त्या टेबलावर, लाईट न लावता. तिनं सगळ्यात आधी मला हाक मारली होती. सोमेश्वर तर नॉइज म्हणाला होता.

नासेरनं विचारलं, "भाऊ, तबियत ठीक?" म्हटलं, धूळ गेली डोळ्यात.

२७ एप्रिल, रविवार

आज फोन झालाच नाही. तिनं लॅपटॉप उघडलासुद्धा नाही, उडीद निवडत बसली. मागच्या रविवारपासून ती अशी गप्प आहे. त्याची आठवण काढत असेल.

तिला सांगितलं पाहिजे. पण सांगू कसं? तुला कसं कळलं म्हणाली तर हेडफोन, पोतं, न्हाणी, सगळं बाहेर येईल. आणि न सांगावं तर ती त्याला साव समजत राहील. दोन्हीकडून माझंच मरण आहे.

४ मे, रविवार

सांगितलं.

माळवदावर ती कुरडया घालत होती. ऊन चढलं नव्हतं. मी चीक भरलेलं पातेलं धरून उभा होतो. म्हणालो, "सोमेश्वरनं तुझं काम आपलं म्हणून सांगितलं. परिषदेत."

तिचा सोऱ्या फिरायचा थांबला नाही. "माहीत हाय," म्हणाली. "कॉलेजात बसून मी बी बघितलं."

"मग मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमाला काय सांगू? कोणता ढग, कोणता तंतू, कुठून सुरुवात करू?"

"दोन शिखरं," मी म्हणालो. "एक गाठीच्या वेगाचं, एक पुढच्या ढगाचं. त्यानं सरासरी काढली म्हणून त्याला वाहताना दिसलं. तू म्हणालीस सरासरी काढू नको. तारेचं अन् कळसाचं सांगितलंस. तो नॉइज म्हणाला, घाई करतेस म्हणाला. त्या दिवशी तू जेवली न्हाईस."

आता सोऱ्या थांबला. अर्धी कुरडई तशीच लोंबत राहिली.

"तुमाला हे कसं ठाऊक?"

सगळं सांगितलं. पोतं तिथंच कोपऱ्यात होतं, हेडफोन काढून दिले. व्हिडिओचं सांगितलं. न्हाणीचंही. कशासाठी ऐकत होतो तेही, कारण तेवढं वगळून बाकीचं सांगण्यात काही अर्थ नव्हता.

ती चटईवर बसली. चिडेल असं वाटलं होतं. तिनं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली.

"म्हणजे तुमाला समदं कळत होतं," ती म्हणाली. "मी टेबल बाहेर आणलं. तुमाला हाका मारल्या. सोमेश्वर न्हाई म्हणाला त्या दिवशी मला वाटलं, जगात एका माणसानं तरी म्हणावं का हे खरं असेल. अन् ते माणूस दाराच्या मागंच उभं होतं."

मी ती लोंबणारी कुरडई हातानं तोडली.

"संशयाचं मी बघून घेईन," ती म्हणाली. "त्याचा राग मला उद्या येईल. आज हे दुसरंच दुखून राहिलं."

राहिलेल्या कुरडया मी एकट्यानं घातल्या. वाकड्या झाल्या.

७ मे

राग आला. म्हणाली होती तसाच आला. माझ्याशी बोलत नाही. चहा सृष्टीच्या हातानं पाठवते. आईनं विचारलं काय झालं, तर म्हणाली, "तुमच्या लेकाला इचारा, त्याला समदं ऐकू येतं."

११ मे, रविवार

सकाळी मला हाक मारली. खुर्चीकडं बोट दाखवून म्हणाली, "बसा इथं. दाराच्या मागं न्हाई."

आणि सोमेश्वरला फोन लावला, स्पीकरवर. मी बसलोय हेही त्याला सांगितलं.

"माझं नाव काहून न्हाई घेतलंस?" तिनं सरळ विचारलं.

तो आधी म्हणाला, हे टीमचं काम असतं. मग म्हणाला, भाषणात वेळ कमी होता. मी तोंड उघडणार तर तिनं हात वर केला. ती गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्यात किती जोर आहे ते मला आठवडाभर कळलेलंच होतं.

शेवटी तो म्हणाला, "माझी मुदत संपत आलीय. पुढं कुठं जागा मिळेल, ठाऊक नाही. पण ते कारण नाही. दोन वर्षं तो डेटा माझ्याकडं होता. मी रोज बघत होतो. आणि तू कुरुंद्यात बसून, पोरगी सांभाळून, एका संध्याकाळी ते पाहिलंस. मला झोप आली नाही. तू चुकावीस असं वाटत होतं. नाही चुकलीस, तेव्हा ते माझंच असावं असं वाटलं."

मला त्याचा राग यायला हवा होता. मी तयारी करूनच बसलो होतो. पण पाडव्याला त्याची ती कागदांवरची नजर मला का ओळखीची वाटली, ते आत्ता कळलं. दाढी करताना मी रोज तीच बघत होतो.

"मी सरांना सांगणार हाय," प्रियदर्शनी म्हणाली. "तू आधी सांगितलंस तर बरं."

"सांगतो," तो म्हणाला. "आजच."

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडं वळली. "आता तुमाला काय वाटलं ते बोला. मनात ठेवू नका."

"तू त्याला अजून 'तू'च म्हणतीस," मी म्हणालो.

ती बघतच राहिली. मग कपाळाला हात लावून हसली. मोठ्यानं नाही, पण हसली.

१८ मे

सोमेश्वरनं खरंच सांगितलं. सरांचा फोन आला होता. चौथ्या तंतूवर वेगळा शोधनिबंध होईल, पहिलं नाव तिचं. पण एकाच रेणूच्या लहरींवर भागायचं नाही, अमोनियाच्या लहरींची माहितीही तपासायला हवी. तिच्यात शिखरं वेगळी राहिली तर ठरलं. एकच झालं तर ती चुकली. त्यासाठी पुण्याला जायचं.

"सोमेश्वर असणार तिथं?" मी विचारलं.

"असणार."

"जा," मी म्हणालो. हे मी मोठ्या मनानं म्हणालो असं नाही.

१ जून, रविवार

तिला परभणीला रेल्वेत बसवून आलो. सृष्टी रडली नाही, मी डोळे पुसले. डब्यात तिच्या समोर एक पोरगा लॅपटॉप घेऊन बसला होता. गाडी सुटेपर्यंत मी त्याच्याकडं बघत उभा होतो. नासेर गाडी चालवत घरी येताना म्हणाला, "भाऊ, तुमी असे फलाटावर उभे होते जसं कोणी वहिनीला नाही, इंजनलाच पळवून राहिलं."

२९ जून, रविवार

दुपारी तिचा फोन आला. मी कुकर धुवून पुढच्या सीझनसाठी ग्रीस लावत होतो. हात तेलकट, कानाला फोन खांद्यानं धरला.

"वेगळीच राहिली," ती म्हणाली. "अमोनियात बी दोन शिखरं. अजून स्पष्ट. मधे चक्क दरी हाय."

"म्हणजे तीनच," मी म्हणालो.

"तीनच."

"मग त्या ताऱ्याचा हिशोब पुन्हा मांडावा लागल. चौथ्याचं वजा करून."

"व्हय. वाढायला जास्त काळ लागल त्याला." ती थांबली. "सरांना अजून सांगितलं न्हाई. कुणालाच न्हाई. आत्ता पडद्यावर आलं अन् तुमालाच लावला."

मी विचारलं, "जेवलीस का?"

"जेवते," ती म्हणाली.

फोन ठेवला आणि मी तसाच बसलो. छातीत एवढं मोठं काहीतरी झालं की आईला, सृष्टीला, नासेरला सगळ्यांना हाक मारावी. मग लक्षात आलं की 'शाब्बास' म्हणायचंच राहिलं. लगेच फोन लावला. तो बिझी होता.

रविवारी सोमेश्वर संस्थेत नसतो; कुणाशी बोलत असेल ते मला माहीत होतं. सर नव्हेत, सरांना ती उद्या समोर जाऊन सांगेल. संशय डोकावलाच. जुनी सवय आहे, अशी एका उन्हाळ्यात जात नाही.

पण आज पहिल्यांदा मला दाराआड उभं राहायची गरज पडली नाही. ती काय सांगत असेल ते मला शब्दान्‌शब्द ठाऊक होतं. अमोनियात बी दोन. मधे चक्क दरी. तीनच. तिकडं ऐकताना सोमेश्वरला कसं वाटत असेल तेही मला ठाऊक होतं.

ग्रीसचा डबा उघडाच होता. उरलेल्या बेअरिंगना लावत बसलो. मग पुन्हा फोन लावला. लागला.